बल्ब लावून बघ

माझ्या वडिलांचा मीटरवर कधी विश्वास बसला नाही. पडेगावात, दौलताबादच्या रस्त्याला लागून, त्यांचं ट्रकच्या वायरिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक लाकडी बाक आणि ऑइलनं काळी पडलेली जमीन. तिथं त्यांनी अख्खं आयुष्य काढलं ते एका बल्बच्या जोरावर. हेडलाइटचा जुना बल्ब, त्याला जोडलेल्या दोन वायरी आणि वायरींच्या टोकाला चिमटे. ट्रक चालू होत नाही म्हणून कुणी आलं की बाबा आधी तो बल्ब लावायचे. शाळा सुटली की मी तिथंच बाकावर अभ्यासाला बसायचे, त्यामुळे त्यांचं ठरलेलं वाक्य मला पाढ्यांबरोबरच पाठ झालं: "मीटर नुसतं बघतंय. बल्ब खाऊन बघतो."

म्हणजे असं, की मरायला टेकलेली बॅटरीसुद्धा मीटरला बारा व्होल्ट दाखवते. तिच्याकडून काम घ्यायला गेलं की मग ती मान टाकते. बल्ब करंट खातो, भार घालतो, म्हणून बॅटरीचं किंवा वायरचं खरं काय ते तोच सांगतो. हे मी लहानपणी हजार वेळा ऐकलं आणि मोठेपणी सोयीस्करपणे विसरून गेले.

बाबांचं दुसरं आवडतं प्रकरण म्हणजे एका ड्रायव्हरचं. त्याच्या ट्रकमध्ये ऑइल कमी झाल्याचा लाल दिवा सारखा लागायचा. गडी वैतागला आणि त्यानं तो दिवाच काढून टाकला. वर गॅरेजवर येऊन ऐटीत सांगितलं, "उस्ताद, मैंने खुद ठीक कर लिया." पुढं कन्नडच्या घाटात त्याचं इंजिन जाम झालं आणि ट्रक ओढून आणावा लागला. बाबांनी हे इतक्यांदा सांगितलं, की आमच्या घरात 'दिवा काढणं' असा एक वाक्प्रचारच होऊन बसला. मी गणिताचा पेपर दप्तरात लपवला तर बाबा विचारायचे, "दिवा काढला व्हय गं?" आईनं दाढदुखी लपवली तरी तेच. बाहेरच्या माणसाला काही कळायचं नाही आणि आम्ही घरचे हसायचो.

गेल्या वर्षी बाबांना लकवा मारला. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, मी लग्न केलेलं नाही, थोरला भाऊ पुण्यात. घरात आम्ही दोघंच. उजवा हात गेला, उजवा पाय काठीच्या आधारानं कसाबसा चालू राहिला आणि जीभ जड झाली. ज्या माणसाचा आवाज इंजिनाच्या वर जायचा, त्याचं बोलणं समोरच्याला दोनदा विचारावं लागायला लागलं. त्यांना याची फार लाज वाटायची. फोन तर त्यांनी हातात धरायचाच सोडला.

एक गोष्ट इथंच सांगून टाकते. झटका यायच्या दोन दिवस आधी ते चहा पिताना म्हणाले होते, "हाताला मुंग्या यायलेत, माय." मी ऑफिसची घाई करत म्हणाले, "हातावर झोपला असाल." एवढंच. नंतर दवाखान्यात कळलं, की रक्तदाबाच्या गोळ्याही त्यांनी महिनाभर बंद केल्या होत्या, बरं वाटतंय म्हणून. त्यासाठी मी त्यांना मनातल्या मनात कितीदा रागावले असेन. पण मुंग्यांचं वाक्य माझ्या कानातून जायचं नाही, आणि त्याबद्दल रागवायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात कारकून आहे. होती नव्हती ती सगळी रजा संपत आली आणि सोमवारी हजर होणं भाग होतं. भावानं सांगितलं, "दिवसभर एकटं ठेवता यायचं नाही. मी रविवारी येतो आणि बाबांना पुण्याला नेतो." त्याचं काही चुकत नव्हतं. पण त्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, तो आणि वहिनी दोघं दिवसभर बाहेर, आणि बाबांना खिडकीतून रस्त्यावरचे ट्रक दिसले नाहीत तर त्यांचा दिवस जात नाही. भावाचा फोन ठेवला तेव्हा बाबा जडावलेल्या जिभेनं एकेक शब्द उचलत म्हणाले, "मला... इथून... हलवू नको." मी भावाला परत फोन लावला. म्हटलं, ऑफिसातून मला बाबा दिसतील अशी सोय करते, शेजारच्या मावशी हाकेवर आहेतच. रविवारपर्यंत जमलं नाही तर खुशाल ने. तो म्हणाला, बरं.

दुकानातला तयार कॅमेरा आणायचं आधी ठरलं होतं. पण त्याची चित्रं कुठल्यातरी कंपनीकडं जाऊन मग आपल्याकडं येतात, हे ऐकून बाबांनी डावा हात जोरात हलवला. त्यांना कुणा परक्यानं अशा अवस्थेत बघायला नको होतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं, कारण माझ्याकडं बोर्ड होता आणि बोर्डापेक्षा मोठा ताठा होता. लॉकडाउनच्या दिवसांत मला छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डांचा छंद लागला. कुंडीतली माती सुकली की फोनवर निरोप येईल, टाकी भरली की भोंगा वाजेल, असले उद्योग. त्यातलाच एक अंगठ्याएवढा बोर्ड होता, त्याच्या कपाळाला मसुरीच्या डाळीएवढा कॅमेरा. दर दहा मिनिटांनी एक फोटो काढायचा आणि घरच्या वायफायवरून थेट माझ्या फोनवर धाडायचा, एवढंच त्याच्याकडून काम होतं.

बाबांनी अट घातली: कॅमेऱ्यात फक्त खुर्ची आणि दार दिसेल. पलंग नाही, मोरी नाही. खुर्चीत बसायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील. मी कबूल झाले.

शुक्रवारी मी कॅमेरा कपाटावर बसवला. वायर भिंतीवर दिसू नये म्हणून दाराजवळच्या सॉकेटपासून चौकटीवरून, छताच्या कडेनं, कपाटाच्या मागून अशी फिरवून नेली. वायर बाबांच्याच, गॅरेजचं सामान ठेवलेल्या ट्रंकेतून काढली. घरात वायर असताना विकत आणायची नाही, हा आमच्याकडचा नियम. जयंतीला दारावर लावायची जी दिव्यांची माळ असते, तिची जुनी बारीक वायर मला सापडली. पांढरी, केसाएवढी, भिंतीवर दिसतसुद्धा नव्हती. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

चालू केलं. बोर्डावरचा दिवा लागला, क्षणभर थांबला, विझला, परत लागला. फोटो एकही नाही. लॅपटॉप जोडून बघितलं तर बोर्ड एकच रडगाणं गात होता: वीज कमी पडली, पुन्हा सुरू होतोय, वीज कमी पडली, पुन्हा सुरू होतोय. मी मीटर लावलं. पाच व्होल्ट, अगदी चोख. म्हणजे वीज ठीक आहे, खोटं हा बोर्ड बोलतोय, असा निकाल मी देऊन टाकला. प्रोग्राम तीनदा लिहिला. बोर्ड बदलला, दुसराही तेच करायला लागला. मोबाइलचा चार्जर बदलून दुसरा लावला, तरी ढिम्म. बाबा खुर्चीतून बघत होते. मध्ये त्यांनी काहीतरी विचारलं, मी म्हणाले, "तुमचं नाही हे काम, बाबा, हे कॉम्प्युटरचं आहे." आता आठवलं की जीभ चावावीशी वाटते.

शनिवारी सकाळी इंटरनेटवर मला रामबाण उपाय सापडला. कितीतरी लोकांनी लिहून ठेवलं होतं, की वीज कमी पडल्याचं ओळखून बोर्ड बंद करणारा एक पहारेकरी त्याच्या पोटात असतो. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली की तो गप्प बसतो. मी ती ओळ घातली. बोर्ड रडायचा थांबला! पहिला फोटो आला. वरच्या अर्ध्या भागात आमचं दार, खालच्या अर्ध्या भागात जांभळे पट्टे. दुसऱ्या फोटोत बाबांचं डोकं होतं, धड नव्हतं. तिसरा आलाच नाही. बोर्ड चालू दिसत होता, दिवा लागलेला होता, पण तो जागच्या जागी गोठून बसला होता. सोमवारी ऑफिसात बसून मी या फोटोंवर विसंबले असते तर?

बाबांनी खुणेनं विचारलं, काय केलंस. मी वैतागलेलीच होते, तरी सांगितलं: ते सारखं तक्रार करत होतं, मी तक्रार बंद केली. ते माझ्याकडं बघत राहिले. मग तोंडाचा डावा कोपरा वर गेला आणि कितीतरी महिन्यांनंतर पहिल्यांदा आमच्या घरात ते वाक्य ऐकू आलं.

"दिवा... काढला व्हय गं?"

मला हसायला यायला हवं होतं. मला संताप आला. दोन दिवसांचा, आणि त्याआधीच्या तीन महिन्यांचा. "आणि तुम्ही?" मी ओरडले. "तुम्ही गोळ्या बंद केल्या तेव्हा काय केलंत? तुम्ही नाही काढला दिवा?" त्यांचा चेहरा उतरला. माझं तोंड थांबेना. "आणि मी तरी काय केलं? तुम्ही सांगितलं होतं मला, हाताला मुंग्या येतात म्हणून. मी म्हटलं, हातावर झोपला असाल!" मग मात्र मी तिथंच जमिनीवर बसून लहान पोरीसारखी रडले. ही गोष्ट मी कुणापाशीच बोलले नव्हते, आणि बोलले तर ज्याचं नुकसान झालं त्याच्यावरच ओरडून.

 बाबांनी काठीनं माझ्या गुडघ्याला हळूच टोचलं. "दोघांनी... बी काढला," ते म्हणाले. "झालं ते झालं. रडू नको. बल्ब आन."

ट्रंकेत बारा व्होल्टचे, चोवीस व्होल्टचे, असे बल्बच बल्ब. त्यांनी डाव्या हातानं चाळून जुन्या मोटरसायकलचा सहा व्होल्टचा बारका बल्ब निवडला आणि दाराकडं बोट दाखवलं. मी तो चार्जरपाशी जोडला. लख्ख लागला. मग कपाटाकडं बोट. तीच वायर, दुसरं टोक. मी स्टुलावर चढून बल्ब तिथं जोडला आणि तो लागला तो विझत आलेल्या उदबत्तीसारखा. वर माझं मीटर काढून बघितलं: बल्ब जोडलेला असताना पाच व्होल्ट नव्हतेच, चारच्या आत होते. बल्ब काढला की परत पाच. मी स्टुलावरूनच कपाळावर हात मारला. नुसतं बघणाऱ्याला सगळं ठीक दिसत होतं. बोर्ड बसून असतो तेव्हा थोडंच खातो, पण कॅमेरा आणि वायफाय एकदम सुरू झाले की त्याला मोठा घास लागतो, आणि नेमका तेव्हाच माझ्या त्या देखण्या वायरीचा गळा आवळला जात होता. बोर्ड बिचारा पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.

"ट्रकला... सेल्फ मारला," बाबा म्हणाले, "की हेडलाइट कशी बसती? तसंच हाय." सेल्फ म्हणजे स्टार्टर; तो एकदम करंट ओढतो आणि दिवे मंदावतात. आयुष्यभर त्यांनी जे केलं तेच हे काम होतं, आणि मी त्यांना 'तुमचं नाही' म्हणून सांगितलं होतं.

मग त्यांनी मला कामाला लावलं. माळेची वायर उपटली. ट्रंकेतून हेडलाइटची जाड लाल-काळी वायर निघाली. लपवालपवी नाही, सॉकेटपासून सरळ भिंतीवरून कपाटापर्यंत, निम्म्या लांबीत. माझे पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळलेले जोड त्यांनी नखानं उचकटले आणि तोंड वाकडं केलं. सगळे जोड कथील वितळवून झाळून घ्यायचे. झाळताना वायर हलायला लागली, तेव्हा त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा हात उचलला आणि वायरीवर वजन म्हणून ठेवला. "एवढ्या कामाचा... तरी हाय," म्हणाले, आणि स्वतःच हसले. मी मान खाली घालून झाळत राहिले, कारण डोळे भरले तर जोड बिघडतो.

शेवटी त्यांनी विचारलं, कंडेन्सर हाय का? कंडेन्सर म्हणजे आम्ही ज्याला कपॅसिटर म्हणतो तो. माझ्या डब्यात होता, पेनाच्या टोपणाएवढा. "नळाचा भरवसा नाय, म्हनून आपन टाकी बसवतो ना? ह्या बोर्डाला बी टाकी बसव. तोंडाजवळ." आमच्या शहरात हे वेगळं समजवावं लागत नाही, नळाला पाणी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणून घराघरावर टाकी असतेच. मी कपॅसिटर बोर्डाच्या अगदी जवळ जोडला, म्हणजे मोठा घास लागला की वायरीकडून येईपर्यंत तिथला साठा पुरेल. आणि सगळ्यात शेवटी प्रोग्राममधली ती ओळ खोडली. पहारेकऱ्याला परत कामावर ठेवलं.

बोर्ड चालू केला. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. फोटो आला: दार, खुर्ची, खुर्चीत अख्खे बाबा, धडासकट, आणि भिंतीवरून जाणारी ती गबाळी लाल-काळी वायर. रविवारी भाऊ आला. दिवसभर दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर फोटो येताना त्यानं बघितला. संध्याकाळी चहा पिऊन म्हणाला, "बाबांनी केलंय म्हटल्यावर काय बोलणार." आणि एकटाच पुण्याला गेला. इतकं हायसं मला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

सोमवारपासून मी कामावर आणि बाबा फोटोत. सुरुवातीला ते दर फोटोला डावा हात वर करायचे, जणू हजेरी. मग कंटाळले. कधी पेपर वाचताना, कधी घोरताना, कधी शेजारच्या मावशींशी भांडताना दिसायचे. आणि खुर्ची रिकामी असली तर मी पुढच्या फोटोपर्यंत थांबायचे, नाहीतर मावशींना फोन करायचे. दवाखान्यातून आणलेलं रक्तदाबाचं मशीन मात्र ते उशीखाली कोंबून ठेवायचे. मी संध्याकाळी घरी आले की कुरकुरत पट्टा बांधू द्यायचे. त्यावरून आमचं रोज वाजायचं.

मग एका दुपारी, परीक्षेचे फॉर्म तपासत असताना, फोन वाजला. रोजचाच फोटो असेल म्हणून मी बघितला. फोटोत बाबा नव्हते. दार नव्हतं. फोटोभर फक्त रक्तदाबाचं मशीन होतं, कपाटाला रेलून, हात ताणून कॅमेऱ्याच्या तोंडाशी धरलेलं असणार, आणि मागं त्यांच्या डाव्या हाताची बोटं. चित्र मुळातच अंधूक, पण वरच्या आकड्याची सुरुवात 'दोन'नं होती एवढं वाचता येत होतं. मी दहा मिनिटं थांबले नाही. मावशींना फोन करून बाबांजवळ बसायला सांगितलं, साहेबांना सांगितलं आणि रिक्षा पकडली. रिक्षात पुढचा फोटो आला: बाबा खुर्चीत, मावशी शेजारी उभ्या, आणि मशीन बाबांनी अजून तसंच वर धरलेलं.

घरी पोचले तेव्हा पट्टा त्यांच्या डाव्या दंडावर होता. एका हातानं तो बांधता येत नाही, म्हणून दातांनी ओढून घट्ट केला होता. कडेला दातांचे वण दिसत होते. सकाळपासून डोकं जड होतं, ते म्हणाले. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बघितलं, गोळ्या बदलल्या, रात्रभर ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना म्हणाल्या, "वेळेत आणलंत. बरं झालं." त्यांच्या तोंडून एवढंच ऐकलं आणि मला त्यांचे पाय धरावेसे वाटले, त्या डाळीएवढ्या कॅमेऱ्याचे, हेडलाइटच्या वायरीचे, सगळ्यांचेच. पण पाय धरायचे तर माझ्या शेजारी काठीवर रेलून उभ्या असलेल्या माणसाचे. ज्याच्या जोरावर तो वाचला ते सगळं त्यानंच नीट करून घेतलं होतं, आणि ते करताना माझ्यावरचं ओझंही उतरवलं होतं.

परत येताना रिक्षात बाबा रस्त्याकडं तोंड करून बसले होते. छावणी मागं पडली, ट्रक दिसायला लागले, तसे बाबा जरा सैलावले. माझ्याकडं न बघता, एकेक शब्द सावकाश लावत म्हणाले, "दिवा... लागला व्हता."

"व्हय, बाबा," मी म्हणाले. "दिसला मला."